ड्यूईची हाक

गेल्या एप्रिलात ड्यूई स्टॅम्प्सचा डावा डोळा गेला, आणि बदल्यात जे मिळालं त्यावर तो वर्षभर जगला.

टेकडीवर झुडपाआड बसून तो टर्कीच्या मादीचा आवाज काढत होता. शिकारीसाठी नर जवळ यावा म्हणून. नर आला नाही, ऑर्व्हल टीग आला. रांगत. झुडूप हललं आणि ऑर्व्हलने बार काढला. आवाजाच्या मागे जायचं नसतं, एका जागी बसून पक्ष्याला आपल्याकडे आणायचं, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. ऑर्व्हल तर साठीचा, आणि ड्यूईला ही हाक शिकवली ती त्यानेच.

इस्पितळातून आल्यावर ड्यूई न्हाव्याकडे, चर्चबाहेर, माझ्या दुकानात एकच सांगायचा. "ऑर्व्हल टीग फसला, ऑर्व्हल! मग माझी मादी किती खरी असेल, बघा." लोक मान डोलवायचे. डोळा गमावलेल्या माणसाशी हुज्जत कोण घालणार? ऑर्व्हलनेही कधी घातली नाही. हिवाळाभर त्याने स्टॅम्प्सांची लाकडं फोडून दिली आणि हरणाचं मांस पोचवलं. मी मनात हिशेब मांडला तेव्हा वाटलं, दोघांचंही बरं जुळलंय. एकाला माफी मिळाली, दुसऱ्याला कीर्ती.

शिकारीच्या मोसमाच्या तोंडावर ड्यूई बायकोला घेऊन दुकानात आला. माझ्याकडे खिळे, कोंबड्यांचं खाद्य आणि वसंतात टर्कीला हाक घालायचं सामान असतं. छर्ऱ्यांनी त्याचे पुढचे दातही नेले होते, त्यामुळे तोंडात धरून वाजवायची रबरी पडदी आता कवळीवर टिकत नव्हती. उरल्या घासून आवाज काढायच्या लाकडी पेट्या आणि काडीने वाजवायच्या पाट्या.

"विल्मा, तुझ्याकडची सगळ्यात भिकार पेटी दे," नेडीन म्हणाली. "जिच्या आवाजाने टर्कीही येणार नाही आणि माणूसही नाही."

"हिला मी घरात बसलेलाच आवडतो," ड्यूई म्हणाला.

"घरातही नाही आवडत. पण तिथे गोळी तरी लागत नाही."

देवदाराची पेटी त्याने एकदाच घासली आणि बाजूला सारली. "हा माझा जुना सूर. ऑर्व्हलला पाठ आहे." मेपलची नको, अक्रोडाची नको. शेवटी काचेची पाटी घेतली, काडी फिरवली. खरखरीत, चिडक्या म्हाताऱ्या मादीचा आवाज निघाला.

"अगदी नेडीन," तो खूश होऊन म्हणाला.

"मग निवांत बस. कोणी यायचं नाही."

नेडीन गाडीकडे गेल्यावर त्याने आवाज खाली आणला. "मोसमाच्या पहिल्या सकाळी ऑर्व्हल त्याच टेकडीवर असणार. मी खडकाआड बसून ही वाजवणार. पुन्हा येतो की नाही बघ."

"म्हणजे पुन्हा गोळी खायची?"

"खडक आहे ना मध्ये. एकदा परत फसू दे त्याला, मग कुणी काही म्हणायला नको."

"कोण काय म्हणतंय?"

तो पाटीवरची धूळ पुसत राहिला. म्हणणारा तोच असावा, रोज सकाळी आरशासमोर. त्याला अडवणं नेडीनला जमलं नाही, तर मला काय जमणार? मी सोबत गेले.

झुंजुमुंजू झालं तेव्हा आम्ही खडकाआड होतो. पलीकडच्या कड्यावर नर घुमला. ड्यूईने काडी फिरवली. नराने उत्तर दिलं, आणि थोड्या वेळाने खालच्या पानांत पावलं वाजली. दोन पायांची, थांबत थांबत. अशा वेळी हात हलवायचा नाही, मोठ्याने माणसासारखं बोलायचं, एवढं मी गिऱ्हाइकांना फुकट शिकवते. मी तोंड उघडलं तर ड्यूईने माझं मनगट आवळलं. त्याचा उरलेला डोळा चमकत होता. त्याने मादीचा आवाज आणखी लाडात आणला.

पावलं थांबली.

"ड्यूई," ऑर्व्हलचा आवाज आला, "खडकाआडच राहा. मी बंदूक रिकामी करतोय."

काडतुसं पानांत पडली. मग तो वर आला. ड्यूईने पाटी त्याच्यासमोर धरली.

"कसं ओळखलंस?"

"तिसऱ्या हाकेला घाई करतोस. पोरगा होतास तेव्हापासून." ऑर्व्हल हसला, मास्तर हसतो तसा. "पेटी बदल, पाटी बदल, ती घाई काही जात नाही."

"मग गेल्या वर्षी?"

ऑर्व्हलचं हसू गेलं. त्याने टोपी काढली. मी मनातल्या मनात त्याची विनवणी करत होते. खोटं बोल बाबा. गेल्या वर्षी कान बंद होते म्हण, वर्षभरात शिकलो म्हण. एवढं तर तू त्याचं देणं लागतोसच.

"खालच्या ओढ्यापासूनच कळलं होतं तू आहेस ते," तो म्हणाला. "मला वाटलं तू वर कड्याशी बसलायस. झुडूप हललं तो तू बोलावलेला नर, असं वाटलं. त्या मोसमात मला एकही मिळाला नव्हता."

"म्हणजे माझा पक्षी मारायला आला होतास."

"हो."

"हाकेला फसून नाही."

"नाही, ड्यूई."

कड्यावरचा नर पुन्हा घुमला. म्हातारी का गप्प झाली, असं विचारत असावा. ड्यूईने पाटी आणि काडी ऑर्व्हलच्या हातात ठेवली. "घे, बोलाव. तुलाच हवा होता ना?"

तो उतारावर चालू लागला. डावीकडचं त्याला दिसत नव्हतं, म्हणून मी त्या बाजूने चालले. एकदा तो अडखळला. मी दंड धरला, तो त्याने सोडवून घेतला.

रविवारी चर्चबाहेर गावातल्या वाटसनांकडे आलेल्या पाहुण्याने विचारलं, की ज्याच्या हाकेला ऑर्व्हल टीग फसला तो तूच का. सगळे ती गोष्ट पुन्हा ऐकायला वळले. नेडीनही, हातातला केक गाडीच्या टपावर ठेवून.

"झुडूप हललं होतं," ड्यूई म्हणाला, आणि गाडीत जाऊन बसला.