ओरिजिनलचा हट्ट

गोपीनाथरावांनी एसटीच्या डेपोत तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तेवढ्या काळात आपल्या नजरेखालून एकही डुप्लिकेट बेअरिंग आत गेलं नाही, असं ते सांगत, आणि ते खोडून काढायची घरात कुणाची टाप नव्हती. निवृत्तीनंतर ते साताऱ्याहून लेकीकडे, कस्तुरीकडे, जयपूरला आले. तिच्या आदर्श नगरातल्या घरात स्टोअर नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हळद चोळून बघ, तुपाचा वास घे, भाजीवाल्या भैयाचा काटा तपास, असं बरं चाललं होतं. मग त्यांच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी निघाला.

बारा आठवडे रोज एक गोळी घेतली की माणूस बरा होतो, पण यकृत आणखी बिघडायच्या आत सुरुवात करा, असं डॉक्टरांनी बजावलं. कस्तुरीला हायसं वाटलं. ती गोळी शहराबाहेर सीतापुऱ्यात तिच्याच औषध कारखान्यात बनत होती आणि माल तपासणाऱ्यांत ती स्वतः होती. गोपीनाथरावांनी मात्र बाटली भिंगातून पाहिली, गोळी नखाने खरवडली आणि माल नाकारला.

"किंमत बघितलीस? एवढ्यात ओरिजिनल येत न्हाई," ते म्हणाले. "मला नको शिकवू."

"बाबा, ही डुप्लिकेट नाही. पेटंट परदेशी कंपनीचंच आहे, पण तिने इथल्या कारखान्यांना परवाना दिलाय, बनवायची रीतही दिलीय. तिला थोडी रॉयल्टी जाते. मतलब, बनवणारे वाढले, चढाओढ लागली आणि भाव उतरला."

"आपल्याच पोटावर पाय देऊन रीत कोण सांगतंय?"

"श्रीमंत देशांत ते त्यांच्या भावाने विकतात ना! तिथे आमची गोळी विकायला बंदी आहे."

"बघ, बंदी हाय! चांगल्या मालावर कोण बंदी घालंल?"

असे तीन आठवडे गेले. जावई निमिष म्हणाला, "परदेशी लेबल छापून चिकटवू या." कस्तुरी म्हणाली, "बाबा ते पाण्यात भिजवून बघतील." तिने हे हसत सांगितलं खरं, पण ऑफिसच्या बसमध्ये बसल्यावर तिचे डोळे भरून आले. तिला भीती वाटत होती, आणि ज्याच्यासाठी वाटत होती तो माणूस तुपाचा वास घेत बसला होता.

शेवटी एका सोमवारी तिने सुट्टी टाकली आणि सकाळी चहाबरोबर बाटलीच्या बॅचचा तपासणी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. गोपीनाथरावांनी पट्टी लावून एकेक ओळ वाचली. गोळीत औषध किती, पाण्यात किती मिनिटांत विरघळतं, मूळ गोळीशी ताडून फरक किती. तळाशी सही होती. जुन्या सवयीने त्यांनी सहीवर बोट ठेवलं.

"ही कुणाची?"

"माझी."

आता नाकारायला काही उरलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या सोग्याने पुसत बसले.

"म्हंजे खरीच हाय," ते म्हणाले. "ओरिजिनल."

"तेच तर सांगतेय तीन आठवडे!"

"तुझ्या आईला हेच झालं हुतं."

आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. बहुधा गावातल्या डॉक्टरची एकच सुई आई-बाबा दोघांना टोचली गेली होती. तेव्हा ही गोळी फक्त परदेशात मिळायची, आणि गोपीनाथरावांनी किंमत विचारून फोन खाली ठेवला होता.

"ही नकली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मग म्हणता आलं असतं, खरी गोळी आपल्यासारख्याला कधी मिळणारच नव्हती. आता काय म्हणू? परवान्याचा कागद उशिरा निघाला, म्हणून गेली ती?"

कस्तुरी त्यांच्या शेजारी बसली आणि बाटली उघडून एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"तुझी बस किती वाजता असती?"

"आज सुट्टी घेतलीय, बाबा. तुमच्यासाठी."

"माझं झालं," ते म्हणाले. "आता माझ्यापाशी बसू नको. जा, कामाला लाग. या गोळीची कुणीतरी वाट बघत असंल."