तीनशे एकतीसचं पान

कारखान्यात त्यांना सगळे ‘केसभर’ म्हणत. डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण माप केसभर चुकलं की अख्खा माल परत! निवृत्तीनंतर तपासनीसांची ही खोड घरी आली आणि बायकोने लावलेल्या पडद्यांवर फूटपट्टी फिरू लागली.

मग आजार आला. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, “दोन महिने धरा.” त्याच आठवड्यात केसभरांनी कोरी वही काढली. ज्या यंत्रापाशी बत्तीस वर्षं उभे राहिले, त्याच्या पितळी पट्टीवरचा आकडा पहिल्या पानावर लिहिला: १९२२११७.

“ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कुणाच्या बापाचा तिला भाग जायचा नाही,” ते म्हणाले. “पण नुसतं तसं वाटून काय उपयोग? तपासल्याशिवाय मी जात नाही.”

रोज सकाळी एक भागाकार. दोन, तीन, पाच, सात अशा एकेका मूळ संख्येने १३८१पर्यंत. पुढच्या मूळ संख्येचा वर्गच या आकड्याहून मोठा, म्हणून तिथे थांबायचं. एकूण दोनशे एकवीस सकाळी. नियम कारखान्याचाच: करणारा एक, तपासणारा दुसरा. ते भागायचे, ती उलट गुणून, बाकी मिळवून बरोबरची खूण करायची.

सदुसष्टाव्या दिवशी, डॉक्टरांची मुदत उलटून आठवडा झालेला असताना, भाजक आला ३३१. त्यांचा हात थरथरला, वजाबाकीत २३च्या जागी ३३ पडले आणि बाकी उरली सात. तिच्या गुणाकारात बरोबर एक हजार जास्त निघाले. तिने मागच्या कागदावर स्वतः भागून पाहिलं. बाकी शून्य. आकडा फुटला होता, काम संपलं होतं. तिने गुपचूप खूण केली आणि वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी पुढच्या पानावर ३३७ लिहिलं.

आज शेवटचा भागाकार झाला. बाकी ११४६.

“लिही, मूळ संख्या. आणि खाली सही कर,” ते उशीला टेकत म्हणाले.

तिने पेन उचललं. जन्मभर या माणसाने खोटा माल पुढे जाऊ दिला नव्हता. त्याला खोट्या कागदानिशी कसं पाठवायचं?

“अहो, मी खोटी खूण केलीय. तीनशे एकतीसच्या पानावर.” “काम संपलं की तुम्ही जाल, म्हणून.”

त्यांनी पान काढलं. आपले ३३ खोडले. पुन्हा भागलं. ५८०७, बाकी शून्य.

“चूक माझी,” ते म्हणाले. “पण खूण तुझी.”

“पाच महिने तुम्हाला फुकट राबवलं हो मी!”

“फुकट?” ते पुढची पानं उलटत राहिले. “अगं, यांतल्या कशानेही मोठ्या आकड्याला भाग गेला नाही, मग त्याच्या तुकड्याला कुठून जाणार? हे सगळे दिवस ५८०७च्या कामी आले. नियमाने त्र्याहत्तरपर्यंतच पुरे, पण मला केसभर शंका नको. एकच भागाकार राहिलाय. त्याला पुन्हा ३३१ने. आज तू कर. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

तिने केला. भाग सतरा, बाकी एकशे ऐंशी.

त्यांनी उलट गुणलं. मध्ये दोनदा दम खाल्ला. मग खूण केली आणि खाली लिहिलं: तुकडे दोनच. दोन्ही न फुटणारे. दोघांनी सह्या केल्या.

“आता भीती वाटते?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मलाही,” ते म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच वही बाजूला ठेवून त्यांनी तिचा हात हातात घेतला.