निळं ग्रीस

ताईने मोटरीवरची दातेरी चकती काढली, वाकून आत पाहिलं आणि तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला. सीलभोवती ग्रीस होतं. ताजं, निळं, बोटाने गोल फिरवून नीट बसवलेलं. ताई लावायची ते ग्रीस पांढरं असायचं.

निळ्या ग्रीसवरून एवढं काय आभाळ कोसळलं, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी ताईच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. ताई त्याला अजून छोट्या म्हणते, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले तरी. छोट्या घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधतो आणि त्यासाठी दिवसभर बॅटरीच्या सायकलवर हिंडतो. तिची मोटर दोन पायडलांच्या मधोमध असते. मोटरीतून आस बाहेर येतो तिथे रबराची एक कडी बसवलेली असते, तेच सील. ते कोरडं पडलं की रस्त्यावरचं पाणी आत शिरतं, बेअरिंग गंजतं आणि गाडी ढकलत न्यायची वेळ येते. म्हणून अधूनमधून पायडल काढायचं, सील पुसायचं, ग्रीस भरायचं. काम अवघड नाही, पण छोट्याचा आणि पान्याचा छत्तीसचा आकडा. माणसाची जखम हळुवार बांधणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या सायकलची चेन बसवता येत नाही.

ताई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई यंत्रं दुरुस्त करते. तिच्या बोटांना तेलाची सवय. महिन्यातून एखाद्या रविवारी छोट्या गाडी घेऊन यायचा, ती मागच्या खोलीत जुन्या चादरीवर आडवी करायची, आणि तो पालथ्या बादलीवर बसून बोलत राहायचा. कोणता म्हातारा पट्टी सोडताना शिव्या देतो, कोणती आजी त्याला जावई करून घ्यायला निघाली होती, आपल्याला कशाची भीती वाटते, सगळं. हात कामात असले की माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, आणि तोंडाकडे कुणी बघत नसलं की छोट्याला बोलता येतं. लग्न करायचं ठरवलंय हेही त्याने त्याच बादलीवर बसून सांगितलं होतं. तेव्हा ताई “छान झालं” म्हणाली आणि तिने सील जरा जास्तच जोरात घासलं.

आता ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, “कुणी उघडली होती रे मोटर?”

“तिने,” छोट्या बिस्किट चहात बुडवत म्हणाला. “बारीक आवाज येत होता म्हणे. तलावावरचे पंप बघते ना ती, तिला सवय आहे.”

भावजय पोहण्याच्या तलावावर पंपांची देखभाल करायची. हे ताईला लग्नाआधीपासून माहीत होतं आणि तेव्हापासूनच खुपत होतं. भावाने बँकेतली बायको केली असती, गाणारी केली असती, ताईने तिला डोक्यावर घेतलं असतं. पण पाना धरणारी? एका घरात एक बाई पाना धरते तेवढी पुरे नाही का?

ताईने निळं ग्रीस शेवटच्या कणापर्यंत पुसून काढलं आणि आपलं पांढरं भरलं.

पुढच्या खेपेला मोटर उघडली तर आत पुन्हा निळं. पांढऱ्याचा मागमूस नव्हता. कडीच्या मागच्या खाचेतूनसुद्धा ते काढलं होतं, जिथे ताईचाही ब्रश कधी पोचत नसे. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी पकडावी तर चोराने घर झाडून ठेवलेलं.

मग हे असंच सुरू झालं. ही पांढरं भरायची, ती निळं. दोघी भेटल्या की तोंडात साखर. “ताई, बारीक झालात.” “तूच गं, किती काम करतेस.” मोटरीचा विषय एकीनेही काढला नाही. छोट्याला तर वाटायचं, आपल्या गाडीचे किती लाड होतायत. ही उघडते, ती उघडते, पायडलांचे नट झिजायला आले, पण याला पत्ता नाही. अति तिथे माती म्हणतात, ती माती दोघी मिळून चमच्याचमच्याने भरत होत्या.

ताईचा जळफळाट खरं तर ग्रीससाठी नव्हता, आणि एका रविवारी ते तिला नीटच कळलं. छोट्या नेहमीसारखा बादलीवर बसला आणि गप्प राहिला. ताईने विचारलं, “काय रे, बोलत नाहीस?”

“काही नाही गं. परवा हिने घरी मोटर उघडली होती, मी टॉर्च धरून बसलो होतो. इतका वेळ बोलत बसलो आम्ही, बाबांच्या आजारपणाबद्दल वगैरे. मी ते कधी कुणाशी बोललो नव्हतो. जरा मोकळं वाटलं.”

बाबांच्या आजारपणाबद्दल. त्या दिवसांत दवाखान्यात त्याच्या शेजारी ताई बसली होती. त्यानंतर ती इतकी वर्षं वाट पाहत होती, की हा कधीतरी बोलेल. आणि बोलला तो दुसऱ्या चादरीशेजारी, दुसऱ्या हातांकडे बघत.

त्या दिवशी ताईने निळं पुसलं नाही. डबा उघडला, बोटभर पांढरं घेतलं आणि निळ्याच्या वरच थापलं. असं करायचं नसतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? दोन जातींचं ग्रीस एकत्र आलं की पातळ होतं आणि ओघळून जातं, यावरून कारखान्यात तिने कितीजणांना फैलावर घेतलं होतं. पण त्या क्षणी तिला एवढंच हवं होतं, की ती बाई पुढच्या वेळी उघडेल तेव्हा तिला वर पांढरं दिसावं. तिला झोंबावं. बाकी डोकं चाललंच नाही.

भावजयीने उघडायच्या आधीच मोटर बोलली. पावसाचे दिवस होते, रस्त्यांवर डबकी साचलेली. एका चढावर मोटर करकरली, गुरगुरली आणि बंद पडली. छोट्या गाडी ढकलत रुग्णाच्या घरी पोचला तेव्हा त्या म्हाताऱ्याची पट्टी भिजून अंथरुणाला चिकटली होती आणि तो कण्हत पडला होता. पट्टी बदलून छोट्या भिजलेला, चिडलेला, गाडी ढकलत सरळ ताईकडे आला. कळताच तलावावरून भावजयही आली.

दोघींनी मिळून मोटर उघडली. पहिल्यांदाच एका चादरीवर. भावजयीने पुलरचा स्क्रू आवळत पायडलची दांडी आसावरून ओढून काढली, ताईने चकती सोडवली. आतून विटकरी रंगाचं पाणी चादरीवर सांडलं. सीलवरचं ग्रीस ओघळून गेलं होतं. खालच्या खाचेत मात्र थोडं ग्रीस अडकून राहिलं होतं: तळाला निळं, त्यावर पांढरं, आणि मधे दोन्हींचं ताकासारखं पाणी.

भावजयीने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने मान वर करून ताईकडे बघितलं. हिला कळलं होतं. पंप बघणाऱ्या बाईला न कळायला काय झालं?

“काय झालंय?” छोट्याने विचारलं.

“माझी चूक,” भावजय म्हणाली. “दोन ग्रीस एकत्र झालीत. मी आधीचं नीट पुसलं नसणार.”

छोट्या तिच्यावर एवढा चिडलेला ताईने कधी पाहिला नव्हता. “तरी मी सांगत होतो. ताई इतकी वर्षं बघतेय, एकदा तरी काही झालं? तो म्हातारा माझ्यापुढे रडत होता. आजपासून या मोटरीला ताईशिवाय कुणी हात लावायचा नाही. संपलं.”

भावजय फडक्याने एकेक बोट पुसत राहिली.

ताईला जे हवं होतं ते सगळं तिच्या पदरात पडलं होतं. गाडी परत मिळाली, रविवार परत मिळाला, बादलीवरचा भाऊ परत मिळाला. पण तिला खूश होता येईना. हे तिने जिंकलं नव्हतं, समोरच्या बाईने तिच्या वाटीत टाकलं होतं. मोटर हिने नेली, बाबांची गोष्ट हिने नेली, आणि आता मन मोठं करायची पाळी आली तर तिथेही हीच पुढे? हे मात्र ताईला सोसेना.

“टॉर्च आण इकडे,” ती छोट्याला म्हणाली. “बघ. वर कोणतं आहे?”

“पांढरं. पण त्याचं काय?”

“पांढरं कोण लावतं?”

छोट्याने टॉर्च खाली केला. “ताई, तू उगाच तिला पाठीशी घालू नकोस.”

“तिला पाठीशी घालायला मला काय गरज पडलीय? मला ती आवडतसुद्धा नाही,” ताई म्हणाली. “खालचं न पुसता वर मी थापलं. चुकून नाही, मुद्दाम. काय होईल ते माहीत असून.”

छोट्याने आधी मोटरीकडे पाहिलं, मग बहिणीकडे, लहानपणी ती न सांगता कुठे निघून गेली की बघायचा तसं.

“का पण?”

“तिच्याकडे तू रोज असतोस. माझ्याकडे ही मोटर होती.”

छोट्या बादली ओढून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. भावजयीने मात्र टॉर्च उचलला, आस बोटाने फिरवून पाहिला, कान जवळ नेला.

“बेअरिंग बदलावं लागेल. मोटर वाचेल,” ती म्हणाली. मग वर न बघता, “ताई, ग्रीस कोणतं भरायचं?”

पांढरा डबा ताईच्या गुडघ्याशीच होता. तिने त्याचं झाकण लावलं आणि तो बाजूला सारला.

“निळं,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी दोन्ही ग्रीस दोन बोटांना लावून नळाखाली धरून पाहिली होती मी. तुझं राहिलं. माझं वाहून गेलं.”