ओसरीवर बसलेली नावं

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण गोड आहे. ऐकता ऐकता डोळा लागला तरी रागावणार नाही. गोष्टीतल्या बाईचाही लागला होता.

एका मोठ्या इस्पितळात नणंद-भावजय कामाला होत्या. नणंद टेलिफोनवर. कुणी म्हणालं, "हाडांचे डॉक्टर द्या," की ती संगणकावर नाव शोधायची आणि फोन जोडून द्यायची. ही नावं ज्या यंत्राच्या पोटात असतात, तो डिरेक्टरी सर्व्हर भावजय सांभाळायची.

हल्ली तो एकेक नाव शोधायला इतका वेळ लावायचा, की लोक कंटाळून फोन ठेवून द्यायचे. साहेबांनी नणंदेला बजावलं, "असंच चाललं तर सोमवारी तुमच्या जागी बोलणारं मशीन बसेल." नवरा गेल्यावर त्या खुर्चीनंच तिला सावरलं होतं.

"वहिनी, पेंगतंय तुझं यंत्र आणि बोलणी खातेय मी!"

"अहो वन्सं, गेल्याच महिन्यात होती नव्हती ती सगळी मेमरी कॅश नावाच्या कप्प्याला दिली. नेहमी लागणारी नावं हाताशी राहावीत म्हणून."

"मग सुस्तावलं असेल, पोट जास्त भरून."

दुपारी भावजय सर्व्हरच्या गार खोलीत विचार करत बसली. पंख्यांचा एकसुरी घुमारा, जणू कुणी तंबोरा छेडतंय. पापण्या जड झाल्या.

स्वप्नात एक घर होतं. ओसरीवर नावं बसलेली: डॉक्टर, नर्स, झाडूवाल्या, शेजारी शेजारी. आतून हाक आली की एकेकानं "ओ" द्यायची. पण ओसरी पसरत पसरत माजघर गिळून बसली होती, चूलही गिळली होती. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून कुणीतरी बसलेल्यांनाच अंथरुणासकट उचलून शेतापलीकडच्या गोठ्यात नेऊन निजवत होतं. हाक आली की धुक्यातून तिकडे धावायचं, एकाला आणायचं, दुसऱ्याला न्यायचं.

एक नर्स जांभई देत म्हणाली, "बाई, आम्हाला ऐसपैस बसवलंस खरं. पण घर चालवणाऱ्यानं उभं कुठं राहायचं?"

भावजय खाडकन जागी झाली. अगदी हेच झालं होतं! कॅशनं सगळी मेमरी अडवली होती. यंत्राला स्वतःच्या कामाला जागा उरेना, म्हणून ते मेमरीतली नावं संथ डिस्कवर टाकायचं आणि पुन्हा उचलून आणायचं. तिनं कॅश आखडली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. आता कॅश कोरी होती. मग तिनं स्वतःच वॉर्डामागून वॉर्ड नावं शोधायला घेतली, देवाचं नाव घ्यावं तशी सावकाश, मायेनं. एकेक नाव कॅशच्या ओसरीवर येऊन बसत गेलं.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. कुणा आईला बालविभागाची नर्स हवी होती. नणंदेनं बोट उचलायच्या आत नाव हजर!

"अगंबाई! वहिनी, हे तर ओ द्यायला टपूनच बसलंय!"

सोमवारी साहेब आले, घटकाभर ऐकत उभे राहिले. "मग ते मशीन कुठं ठेवायचं?"

"तुमच्या केबिनमध्ये ठेवा की," नणंद म्हणाली. "तुमचा फोन कुणीच उचलत नाही."

साहेबांनाही हसू आवरलं नाही. खुर्ची राहिली.

तर मायबाप, कधी एखादा आवाज तुम्हाला "थांबा हं, देते," म्हणेल आणि पलीकडे आपलं माणूस बोलू लागेल. तेव्हा मधल्या त्या बाईला विसरू नका. नाव ठाऊक नसलं तरी देवापुढं हात जोडताना तिची आठवण काढा.