तळाचा चिखल

मी एक शिशाचा गोळा. रंग काळपट, आकार उलट्या पेल्यासारखा. माझ्या बुडाला खळगा आहे. त्यात वंगण भरलं की तळाचा चिखल चिकटून वर येतो.

ओतल्यावर मला धरणावरच्या नावाड्याकडे दिलं. दर मीटरला गाठ मारलेल्या दोराला बांधून तो मला पाण्यात सोडायचा आणि गाठी मोजायचा. म्हणून सगळे त्याला गाठीवाले काका म्हणत. “जा रे राजा, जपून!” असं म्हणूनच ते मला सोडत. बायकोशीही इतकं गोड बोलत नसावेत.

पहिल्या वर्षी धरण काठोकाठ भरलं, तेव्हा भिंतीजवळ मी एकेचाळिसाव्या गाठीला खडकावर आपटलो. पुढे तळ मऊ होत गेला. डोंगरातली माती, पालापाचोळा, शेतांतलं खत, सगळं नदीबरोबर येऊन तिथे निजत होतं. विसाव्या वर्षी, धरण तसंच काठोकाठ असताना, मी तिसाव्या गाठीलाच रुतलो.

धरणाच्या साहेबांना आकडा पटेना. “काका, तुमचा दोर ताणून लांबलाय.”

दोर बदलला, आकडा तोच आला.

“मग मोजण्यातच चूक आहे,” साहेब म्हणाले. काका दोर गुंडाळून निघाले. घरी येऊन त्यांनी मला पुसलं, मग पुन्हा एकदा पुसलं.

त्या उन्हाळ्यात शहराच्या नळांना हिरवट, कुबट पाणी येऊ लागलं. साहेब म्हणाले, खतावर शेवाळ माजलंय आणि ते खत नदीतून येतंय. पण नदी दोन महिने आटलेली होती. काकांची मुलगी शहराचं पाणी तपासायची, तिला काही ते पटेना.

“बाबा, मला तळाचा चिखल आणून द्याल?”

“माझ्या आकड्यावर कोणाचा विश्वास नाही, चिखलावर बसणार आहे का?”

“माझा आहे ना तुमच्यावर!”

मी आणलेला चिखल काळाकुट्ट होता, कुजक्या अंड्यासारखा वास मारत होता. तिने तो दोन बरण्यांत घातला, वर स्वच्छ पाणी ओतलं. एकीत माशांच्या टाकीचा पंप लावून हवा सोडली, दुसरीचं झाकण घट्ट लावलं. तीन आठवड्यांनी दोन्हींतलं पाणी गाळून, शेवाळाचं विरजण म्हणून चमचा चमचा धरणाचं पाणी मिसळून उन्हात ठेवलं. कोंडलेलं पाणी आठवड्यात हिरवंगार झालं. दुसरं जवळजवळ नितळच राहिलं.

तिने दोन्ही बरण्या साहेबांपुढे ठेवल्या. “साहेब, खत खाली साठलंय. तळाशी हवा संपली की चिखल ते पाण्यात सोडतो. आणि चिखल किती आहे, ते बाबा कधीपासून सांगताहेत.”

साहेब उठले ते थेट नावेपाशी गेले. “काका, आज दोर मी सोडतो.” त्यांनी गाठी स्वतः मोजल्या. उतरलेलं पाणी हिशेबात धरूनही गाळ अकरा मीटरच भरला. “चुकलो मी,” ते म्हणाले. काका हसले आणि मला वर ओढून पुसू लागले.

तळाशी हवेच्या नळ्या टाकल्या. पुरात खालचा दरवाजा उघडून भिंतीजवळचा गाळ सोडला. सगळा गेला नाही, जाणारही नाही.

आता काका घरी असतात, पाण्याची खोली यंत्र मोजतं. पण यंत्राला चिखल आणता येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मुलगी मला नेते. परवा तिने मला तसाच ओला घरी आणला. काकांनी माझ्या बुडाला बोट लावून नाकाशी नेलं.

“वास बराच कमी झाला गं,” ते म्हणाले. “दमला असेल. ठेव त्याला आता कपाटात.”

काकांची माया कळते मला. पण बाळांनो, एवढं ऐका, कपाटात नका ठेवू. तुमच्या पाण्याखाली काय चाललंय, ते मला अजून पाहून यायचंय.