घार म्हण आणि मोकळी हो

शिवानीनं विमान उतरवायला घेतलं आणि धावपट्टीच्या तोंडाशी, ऐन तिच्या वाटेत, काहीतरी चकाकताना दिसलं. ना पंख, ना दोरी. वारा सुटलेला, तरी ते जागचं हलेना. तिनं विमान पुन्हा वर घेतलं आणि लांब फेरी मारून आली. तोवर ते गायब झालं होतं.

उदगीर रस्त्यावरच्या त्या विमानशाळेत अमृतराव सरांचा शब्द शेवटचा. उद्या नांदेडपर्यंत एकटीनं जायची शिवानीची पाळी होती. सगळ्या वर्गासमोर त्यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं.

"घार असंल. घार म्हण आणि मोकळी हो."

"घार नव्हती, सर."

"मग काय होतं?"

"माहीत न्हाई."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं राजशेखर. सर म्हणाले, "वाटेत काय आलं ते सांगता येत न्हाई, त्या पोरीला नांदेडला कसं सोडू? आधी डोळे तपासून ये."

एक शब्द बोलायचा, की नांदेड हातात. पण ती लातूरच्या गुरुलिंग आडत्याची लेक. ओळखू न येणारा दाणा तुरीत मिसळायचा न्हाई, बाजूला ठेवायचा, हे अप्पांनी तिला लहानपणीच शिकवलेलं.

"डोळे तपासते, सर. पण घार विमान बघून बाजूला होते. हे हललं न्हाई. मी घार म्हटलं, तर मागून येणारा बिनधास्त सरळ येईल."

मग ती वर्गाकडे वळली. "अजून कुणाला दिसलं का?"

पोरांनी वह्यांत डोकी घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग राजशेखरनं मान खाली घालून हात वर केला. "परवा. लोक हसतील म्हणून गप बसलो." त्याच्यामागून शिवमचा हात, मग आणखी दोन.

सरांनी ते हात मोजले. हसणारी ही पोरं रोज त्याच वाटेनं उतरत होती, आणि उतरत होती ती सरांच्याच भरवशावर. त्यांनी धावपट्टी सांभाळणाऱ्या कचेरीला फोन लावला.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "मग, उद्या नांदेड?"

"न्हाई अप्पा. ते काय हाय ते कळेस्तोवर धावपट्टी बंद हाय."

"कुणी बंद केली?"

"मी," शिवानी म्हणाली.