तळाचा साका

औषधाच्या दुकानात कंपाउंडरचं दिवसभर एकच पालुपद चाले. “बाटली हलवून घ्या हं! औषध तळाशी बसतं. नाही हलवलीत तर आधी नुसतं पाणी प्याल आणि शेवटी सगळं औषध एकदम पोटात जाईल!” गिऱ्हाइकांचे कान किटले, पण हा पठ्ठ्या कोणाला सांगितल्याशिवाय सोडेल तर शपथ.

बायकोमागे त्याच्या घरात दोनच माणसं होती, मोठी बहीण आणि आठ वर्षांची लेक, चिमणी. चिमणीला झटके यायचे. तिचं औषध तो स्वतः खलात घोटायचा, स्वतःच हलवून पाजायचा. दोन वर्षांत झटका कसा तो आला नव्हता. मग त्याची पाळी बदलली, घरी यायचा नेम राहिला नाही आणि चमचा बहिणीच्या हाती गेला. दुकानातल्या प्रत्येक बाटलीवर तो सूचनेची चिठ्ठी डकवायचा. घरच्या बाटलीला कसली आलीय चिठ्ठी? नवी भरलेली बाटली त्यानं तशीच फळीवर ठेवली. “ताई, सकाळ-संध्याकाळ एक चमचा,” म्हणाला आणि गेला.

दहाव्या दिवशी शाळेतून येताना चिमणीला जिन्यातच झटका आला. पडली ती पुन्हा उठलीच नाही.

आठवड्यानं त्यानं फळीवरची बाटली खाली काढली. वर नितळ पाणी होतं आणि तळाशी बोटभर पांढरा साका. बाटली घेऊन तो तिथंच खाली बसला.

ताई दाराशी उभी होती. “माझं काही चुकलं का रे? एक वेळ चुकवली नाही मी. तू जीव ओतून केलेलं औषध, म्हणून बाटलीला धक्कासुद्धा लागू दिला नाही. अगदी अलगद ओतायचे.”

नशिबावर ढकलून मोकळं व्हावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. शब्द ओठांवर आलेही होते. पण तिचा चेहरा बघून ते गिळले त्यानं.

“तुझं नाही ताई, माझं चुकलं. बाटली हलवून द्यायची असते. मी चिठ्ठी लावायला हवी होती गं.”

ताईनं बाटली हातात घेऊन तळाचा पांढरा थर बघितला.

“चिठ्ठी मला कुठं वाचता येते रे?” ती म्हणाली. “जगाला सांगतोस, तसं मलाही एकदा तोंडानं सांगायचंस ना.”